वसुली प्रतिनिधीने तुमच्या कर्जाची माहिती इतरांना सांगितली, तर काय करावे

कर्जाचा हप्ता थकला म्हणजे कर्ज देणाऱ्याला तो मागण्याचा अधिकार आहे, आणि कर्जदाराने तो फेडणे हे त्याचे कर्तव्यही आहे. परंतु हा व्यवहार दोघांमधला असतो. वसुलीसाठी नेमलेला माणूस तुमच्या सासऱ्यांना फोन करून थकबाकीचा आकडा सांगतो, कचेरीतल्या वरिष्ठांना तुम्ही ‘डिफॉल्टर’ असल्याचे कळवतो किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचे छायाचित्र टाकतो, तेव्हा तो वसुली करत नसतो. माणसाच्या अब्रूची भीती वापरून तो पैसे उकळत असतो, आणि त्याला भारतात नियमानेही परवानगी नाही व कायद्यानेही नाही. ही पद्धत चालते याचे कारण एकच आहे: ज्याच्याबाबत हे घडते तो लाजेपोटी गप्प बसतो आणि ज्याला फोन आला तोही संकोचाने काही बोलत नाही. म्हणून खाली दिलेल्या सगळ्या पायऱ्यांचा गाभा हाच आहे, की ज्यांच्यापर्यंत तुमची माहिती पोहोचवली गेली त्या माणसांकडे तुम्ही स्वतः जावे, कारण गुन्ह्याचा पुरावा तुमच्या फोनमध्ये नसून त्यांच्या फोनमध्ये असतो.

कोणाला सांगता येते आणि कोणाला नाही

तक्रार करण्यापूर्वी ही सीमारेषा नीट समजून घ्यावी, कारण चुकीच्या मुद्द्यावर केलेली तक्रार पहिल्याच टप्प्यावर फेटाळली जाते आणि खरी तक्रारही तिच्याबरोबर वाहून जाते.

सहकर्जदार आणि जामीनदार यांना थकबाकीची माहिती देण्यात काहीही गैर नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे त्याला नोटीस जाणारच. पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचे कर्ज घेताना पगारातून कपात करण्याचे संमतिपत्र दिले असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ प्रमाणे ती संस्था तुमच्या कार्यालयाला कपातीसाठी लिहू शकते, आणि लेखा विभागाला कर्ज कळणे हा त्या व्यवस्थेचाच भाग आहे. सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीला थकबाकी कळवणेही कायदेशीर आहे. घर तारण ठेवून घेतलेले कर्ज थकले, २००२ च्या सरफेसी कायद्याखालील (तारण मालमत्ता न्यायालयात न जाता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना देणारा कायदा) साठ दिवसांच्या नोटिशीची मुदत संपली आणि बँकेने मालमत्तेचा ताबा घेतला, तर ताब्याची जाहीर सूचना दोन वृत्तपत्रांत द्यावी लागते व त्यांपैकी एक स्थानिक भाषेतले असावे लागते. ती जाहिरात वाचून कितीही वाईट वाटले, तरी ती कायद्याने ठरवून दिलेली प्रसिद्धी आहे आणि तिच्याविरुद्धचा मार्ग ऋणवसुली न्यायाधिकरणाचा आहे, या लेखातला नाही.

याउलट, अर्ज भरताना ‘रेफरन्स’ म्हणून ज्या दोन व्यक्तींची नावे व क्रमांक दिले होते, त्या जामीनदार नाहीत. त्यांनी कसल्याही कागदावर सही केलेली नसते, त्यांच्यावर एक रुपयाचीही जबाबदारी नसते आणि त्यांना थकबाकी सांगण्याचे काही कारण नसते. नवरा किंवा बायको, आईवडील, भाऊबहीण, शेजारी, घरमालक, गावचे सरपंच, कार्यालयातले सहकारी हे सगळे याच बाजूचे आहेत. पत्नी सहकर्जदार नसेल, तर केवळ पत्नी आहे म्हणून तिला कर्जाचा तपशील सांगण्याचा अधिकार वसुली प्रतिनिधीला मिळत नाही. हा मुद्दा आपल्याकडे अनेकांना पटत नाही, कारण घरातल्या माणसांपासून काय लपवायचे असा आपला स्वभाव असतो. पण घरात काय सांगायचे आणि केव्हा सांगायचे, हे कर्जदाराने ठरवायचे आहे, परक्या माणसाने नव्हे.

रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ रोजी काढलेल्या परिपत्रकात हे अगदी स्पष्ट आहे. बँका, बिगरबँक वित्तीय कंपन्या आणि त्यांचे प्रतिनिधी यांनी कोणत्याही व्यक्तीला शाब्दिक वा शारीरिक धाक दाखवू नये, कर्जदाराला चारचौघांत अपमानित करण्याच्या हेतूने काहीही करू नये, त्याचे कुटुंबीय, रेफरन्स आणि मित्र यांच्या खासगीपणात शिरू नये, मोबाइलवर किंवा समाजमाध्यमांवर अनुचित संदेश पाठवू नयेत, निनावी किंवा धमकीचे फोन करू नयेत, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करू नयेत आणि खोटी माहिती देऊन दिशाभूल करू नये, असे त्यात सांगितले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपली जुनी परिपत्रके एकत्र करून विषयवार निर्देश काढले, त्यामुळे तक्रारीत परिपत्रकाच्या तारखेवर अडून न राहता वरील मनाई आपल्या शब्दांत नेमकी लिहावी.

सूक्ष्मवित्त कर्जांसाठी, म्हणजे गावोगावी महिलांच्या गटांना मिळणाऱ्या कर्जांसाठी, १४ मार्च २०२२ चे निर्देश याहून कडक आहेत. त्यांत कर्जदाराचे नातेवाईक, मित्र किंवा सहकारी यांना त्रास देणे आणि कर्जदाराचे नाव प्रसिद्ध करणे या दोन्ही गोष्टी ‘कठोर वसुली’ म्हणून नाव घेऊन निषिद्ध केल्या आहेत, आणि वेळेची मर्यादाही सकाळी ९ ते संध्याकाळी ६ अशी आहे. गटातील स्त्रिया एकमेकींची हमी घेतात, त्यामुळे हप्ता आला नाही हे गटाच्या बैठकीत कळणे टळत नाही. मात्र त्यानंतर त्या बाईच्या दारात बसून राहणे, गल्लीत मोठ्याने तिचे नाव घेऊन रक्कम सांगणे किंवा तिच्या मुलाच्या शाळेपर्यंत जाणे, हे गटाच्या हमीतून येत नाही. या स्त्रियांना नियमांची माहिती सगळ्यांत कमी दिली जाते आणि अपमान सगळ्यांत जास्त सोसावा लागतो. म्हणून ज्यांना वाचता येते त्यांनी हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

‘करारात संमती दिली आहे’ हे उत्तर हमखास मिळते. करारातील एखाद्या मोघम कलमाने नियामकाने घातलेली मनाई रद्द होत नाही, हे लक्षात ठेवावे.

पहिल्या दिवशी करावयाचे काम

एखाद्या नातेवाइकाचा किंवा सहकाऱ्याचा ‘तुझ्याबद्दल कोणाचा तरी फोन आला होता’ असा निरोप आला, की बहुतेकांची पहिली धडपड विषय मिटवून टाकण्याची असते. ‘चुकून आला असेल, लक्ष देऊ नकोस’ असे म्हणून आपण फोन ठेवतो आणि पुरावा हातचा जातो. त्याऐवजी त्या व्यक्तीला सरळ सांगावे की माझा एक हप्ता थकला आहे, तो माझा प्रश्न आहे आणि मी तो सोडवत आहे, पण तुम्हाला फोन करणे बेकायदेशीर आहे आणि मला त्याची तक्रार करायची आहे. हे बोलणे कठीण असते, परंतु एकदा ते बोलून झाले की वसुली प्रतिनिधीच्या हातातले मुख्य हत्यारच निघून जाते.

त्यानंतर त्या व्यक्तीकडून पुढील गोष्टी मागाव्यात. कॉल आला असेल, तर कॉल नोंदीचा स्क्रीनशॉट, ज्यात पूर्ण क्रमांक, तारीख, वेळ आणि कालावधी दिसेल. संदेश असेल, तर तो पुढे पाठवून चालत नाही, कारण पुढे पाठवलेल्या संदेशात मूळ पाठवणाऱ्याचा क्रमांक राहत नाही. म्हणून मूळ संभाषण उघडून, पाठवणाऱ्याची माहिती दाखवणारे पान आणि संदेश अशी दोन्ही चित्रे घ्यावीत. ग्रुपवर टाकलेला मजकूर असेल, तर ग्रुपचे नाव आणि सदस्यसंख्या दिसणारे चित्रही घ्यावे, कारण किती लोकांपर्यंत माहिती गेली हे पुढे महत्त्वाचे ठरते. प्रतिनिधी प्रत्यक्ष आला असेल, तर तो कधी आला, काय शब्द वापरले आणि तेव्हा आणखी कोण हजर होते, हे त्या व्यक्तीने त्याच दिवशी चार ओळींत लिहून खाली सही व तारीख घालून द्यावे. इमारतीत कॅमेरे असतील, तर चित्रण ठरावीक दिवसांनी पुसले जाते, म्हणून सोसायटीच्या सचिवांना चित्रण जपून ठेवण्याची लेखी विनंती त्याच दिवशी करावी.

मूळ संदेश कोणीही पुसू नये आणि ज्या फोनवर तो आला तो फोन विकू नये. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना त्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि मूळ उपकरण उपलब्ध असेल तर ते काम सोपे जाते.

याचबरोबर एक साधी वही सुरू करावी. तारीख, वेळ, कोणाला फोन आला, कोणत्या क्रमांकावरून, बोलणाऱ्याने आपले नाव काय सांगितले आणि कर्जाबद्दल नेमके काय सांगितले, एवढे रकाने पुरेत. ‘पत्ता विचारला’ आणि ‘साठ हजार थकलेत असे सांगितले’ या दोन नोंदींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पत्ता विचारण्याचा बचाव प्रतिनिधी करू शकतो, पण थकबाकीचा आकडा तिसऱ्या माणसाला सांगितल्याचा बचाव त्याला करता येत नाही. म्हणून शब्द जसेच्या तसे लिहावेत, त्यांत शिव्या असल्या तरी.

ज्यांना फोन येण्याची शक्यता आहे त्यांना काय बोलायचे हेही आधीच सांगून ठेवावे. वाद घालण्याची गरज नसते. ‘मी या कर्जाची जामीनदार नाही. आपले नाव, संस्थेचे नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक सांगा. दुसऱ्याच्या कर्जाची माहिती मला सांगण्यास मी मनाई करत आहे. पुन्हा फोन केल्यास मी तक्रार करीन,’ एवढे बोलून फोन ठेवावा. त्यांनी कोणतीही रक्कम भरू नये आणि ‘मी त्याला भरायला लावतो’ असे आश्वासनही देऊ नये, कारण ते दिले की त्यांचा क्रमांक कामाचा ठरतो आणि फोन वाढतात.

कर्ज देणाऱ्या संस्थेला लेखी तक्रार

तक्रार प्रतिनिधीकडे किंवा त्याच्या ‘टीम लीडर’कडे करून उपयोग नाही. वसुलीचे काम बाहेरच्या एजन्सीला दिले असले, तरी तिच्या वागणुकीची जबाबदारी कर्ज देणाऱ्या बँकेची किंवा कंपनीचीच राहते, म्हणून पत्र तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ (रिटेल) कर्जांसोबत जे मुख्य तथ्य विवरण, म्हणजे कर्जाच्या प्रमुख अटींचा ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ हा कागद, द्यावे लागते, त्यात वसुली प्रतिनिधींविषयीचे करारातील कलम आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा फोन व ईमेल छापलेला असतो. ते सापडले नाही, तर संस्थेच्या संकेतस्थळावर हा तपशील असणे बंधनकारक आहे.

पत्र असे लिहिता येईल:

‘विषय: वसुली प्रतिनिधीने माझ्या कर्जाची माहिती त्रयस्थ व्यक्तींना दिल्याबाबत. कर्ज खाते क्रमांक: ……

महोदय, माझ्या वरील कर्जाचे …… इतके हप्ते थकले आहेत, हे मी नाकारत नाही. तथापि दिनांक …… रोजी …… वाजता …… या क्रमांकावरून आपल्या वतीने बोलत असल्याचे सांगणाऱ्या व्यक्तीने माझे …… (नाते) यांना फोन करून माझी थकबाकी …… रुपये असल्याचे सांगितले. सदर व्यक्ती या कर्जाची सहकर्जदार किंवा जामीनदार नाही. कर्जदाराचे कुटुंबीय, मित्र व रेफरन्स यांच्या खासगीपणात शिरण्यास व कर्जदाराला जाहीरपणे अपमानित करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई असून वरील कृतीने तिचा भंग झाला आहे. पुरावे सोबत जोडले आहेत.

आपणांस विनंती की (एक) माझ्याशिवाय अन्य कोणाशीही या कर्जासंबंधी संपर्क करणे तत्काळ थांबवावे. (दोन) सदर वसुली एजन्सीचे व प्रतिनिधीचे नाव आणि त्याला दिलेल्या अधिकारपत्राची प्रत मला द्यावी. (तीन) संबंधित तारखांच्या कॉलचे ध्वनिमुद्रण जपून ठेवावे. (चार) माझ्या नोंदीतील त्रयस्थ व्यक्तींचे क्रमांक काढून टाकावेत. (पाच) केलेल्या कारवाईचे लेखी उत्तर ३० दिवसांच्या आत द्यावे. यापुढील संपर्क माझ्या …… या ईमेलवर किंवा …… या क्रमांकावर सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेत करावा.’

या पत्रातले पहिले वाक्य काहींना खटकते. थकबाकी मान्य करून टाकली तर आपली बाजू दुबळी होईल, असे त्यांना वाटते. रकमेविषयी खरोखर वाद असेल, तर अर्थातच ‘रकमेबाबतचे माझे आक्षेप अबाधित ठेवून’ असे लिहावे. पण वाद नसेल, तर सरळ मान्य करणेच चांगले, कारण मग संस्थेला ‘हा कर्जदार पैसे बुडवण्यासाठी तक्रार करतो आहे’ असे उत्तर देता येत नाही आणि चर्चा माहिती फोडण्याच्या एकाच मुद्द्यावर राहते.

पत्र ईमेलने पाठवून तक्रार क्रमांक घ्यावा आणि शाखा जवळ असल्यास छापील प्रतीवर पोचही घ्यावी. फोनवरच्या ग्राहक सेवेत केलेली तक्रार पुढे सिद्ध करणे कठीण जाते. बँकांसाठी २४ एप्रिल २००८ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या दोन गोष्टींची आठवणही पत्रात करून द्यावी: वसुली प्रतिनिधीजवळ बँकेचे अधिकारपत्र व ओळखपत्र असले पाहिजे, आणि कर्जदाराची तक्रार प्रलंबित असताना ती निकाली निघेपर्यंत प्रकरण वसुली एजन्सीकडे पाठवणे बँकेकडून अपेक्षित नाही. ही दुसरी तरतूद फार थोड्या लोकांना माहीत आहे.

लोन ॲपचा प्रसंग वेगळा का आहे

ॲपवरच्या कर्जात प्रतिनिधी दारात येत नाही. तो तुमच्या फोनमधली सगळी नावे घेऊन एकाच दुपारी पन्नास जणांना संदेश पाठवतो, आणि काही वेळा छायाचित्रात फेरफार करून ते पसरवण्याची धमकी देतो. करोनाच्या काळात ही कर्जे पसरली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या कार्यगटाला २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत सुमारे ११०० कर्ज ॲप उपलब्ध असलेली आढळली आणि त्यांतली ६०० बेकायदेशीर होती. त्यातून जे नियम आले त्यांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधील संपर्क यादी, कॉल नोंदी, फाइली आणि छायाचित्रे यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, मायक्रोफोन आणि ठिकाण यांची परवानगीही खाते उघडण्यापुरती, एकदाच आणि स्पष्ट संमतीने घ्यायची आहे. दिलेली संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसायला लावण्याचा हक्कही कर्जदाराला आहे, आणि वसुली प्रतिनिधी संपर्क करण्यापूर्वी त्याचे नाव ईमेलने किंवा संदेशाने कळवावे लागते.

म्हणून प्रथम हे पाहावे की ॲपच्या मागे नोंदणीकृत बँक किंवा बिगरबँक वित्तीय कंपनी आहे का. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२५ पासून नियंत्रित संस्थांच्या कर्ज ॲपची यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहे. तीत नाव असेल, तर वर सांगितलेली तक्रार त्या कंपनीला करावी. नसेल, तर पत्र लिहिण्यात वेळ घालवू नये, कारण उत्तर देणारा कोणी नसतोच. तेव्हा १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवरही त्या ॲपची माहिती द्यावी.

ॲप काढून टाकण्याची घाई मात्र करू नये. आधी ॲपचे नाव, विकासकाचे नाव, कर्जाचा करार, दिलेल्या परवानग्यांचे पान आणि बँक खात्यात पैसे आले-गेले त्या व्यवहारांचे क्रमांक यांची चित्रे घ्यावीत, मग फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन परवानग्या बंद कराव्यात आणि त्यानंतरच ॲप काढावे. एकदा उचललेली यादी ॲप काढल्याने परत येत नाही. त्यामुळे त्याच संध्याकाळी आपल्या संपर्कातील लोकांना एक संदेश पाठवून ठेवणे शहाणपणाचे ठरते: ‘एका कर्ज ॲपने माझ्या फोनमधील क्रमांक चोरले आहेत. माझ्या नावाने काही संदेश, छायाचित्र किंवा पैशांची मागणी आली, तर उत्तर देऊ नका, कोणतीही लिंक उघडू नका, पैसे पाठवू नका आणि स्क्रीनशॉट मला पाठवा. पोलिसांत तक्रार केली आहे.’ धमकी देणाऱ्याच्या आधी तुमचा संदेश पोहोचला, तर त्याच्या संदेशाला कोणी किंमत देत नाही. धमकीला घाबरून पैसे भरल्यास मागणी थांबत नाही, ती वाढते.

या प्रकारात माणूस एका दिवसात खचून जाऊ शकतो. स्वतःच्या किंवा घरातल्या कोणाच्या मनात टोकाचे विचार येत असतील, तर तक्रारीचे सगळे काम बाजूला ठेवून आधी जवळच्या माणसाला सोबत बोलवावे आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. तिथे मराठीतही बोलता येते.

तीस दिवसांनंतर

संस्थेने तक्रार फेटाळली, उत्तर समाधानकारक नसले किंवा ३० दिवसांत उत्तरच आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिच्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेमुळे बँक कोणतीही असो, तक्रार एकाच ठिकाणी होते: सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर. इंटरनेट जमत नसेल, तर भारतीय रिझर्व्ह बँक, केंद्रीकृत पावती व प्रक्रिया केंद्र, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७ या पत्त्यावर टपालाने पाठवावी. १४४४८ वर मार्गदर्शन मिळते. शुल्क नाही. तक्रार स्वतः किंवा आपल्या प्रतिनिधीमार्फत करायची असते, पण वकिलामार्फत केलेली घेतली जात नाही, ही अट पुष्कळांना उशिरा कळते. २०२१ च्या योजनेनुसार संस्थेचे उत्तर आल्यापासून एक वर्षाची मुदत असते. २०२१ च्या योजनेत प्रत्यक्ष नुकसानीसाठी २० लाखांपर्यंत आणि त्याखेरीज वेळ, खर्च व मनस्ताप यांसाठी १ लाखापर्यंत भरपाई देण्याचा अधिकार लोकपालाला दिला आहे. त्यामुळे मनस्तापाचा उल्लेख संकोच न करता आणि पुराव्यासह करावा: कार्यालयात विचारणा झाली असल्यास ते पत्र, डॉक्टरांकडे जावे लागले असल्यास तो कागद.

ग्राहक आयोगाचा मार्ग मला या विषयात विशेष महत्त्वाचा वाटतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे, आणि ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला उघड करणे, ही गोष्ट त्या यादीत थेट आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, घटनेपासून दोन वर्षांच्या आत, स्वतः तक्रार मांडता येते. मात्र आयोगात प्रकरण चालू असताना त्याच कारणासाठी लोकपाल तक्रार ऐकत नाही, म्हणून आधी लोकपाल आणि मग आयोग, असा क्रम ठेवावा व दोन वर्षांची मुदत डोळ्यांसमोर असू द्यावी.

पोलिसांकडे केव्हा जावे

धमकी, शिवीगाळ, घरात घुसणे, स्त्रीबद्दल अश्लील बोलणे, फेरफार केलेले छायाचित्र किंवा पोलीस-न्यायालयाच्या नावाची खोटी नोटीस, यांपैकी काहीही घडले तर ३० दिवस थांबण्याचे कारण नाही. भारतीय न्याय संहितेत धाकदपटशासाठी कलम ३५१, खंडणीसाठी कलम ३०८ आणि बदनामीसाठी कलम ३५६ आहे, आणि अश्लील मजकूर पसरवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६७ व ६७-अ ही कलमे लागतात. पोलीस तपास चालू असला तरी लोकपालाकडची तक्रार अडत नाही, दोन्ही एकाच वेळी चालतात.

ठाण्यात ‘पैसे घेतलेत ना, मग भरा’ असे ऐकावे लागण्याची शक्यता आहे. तेव्हा शांतपणे सांगावे की कर्ज मला मान्य आहे, तक्रार धमकीची आहे. दखलपात्र गुन्हा (ज्याची पोलिसांना थेट नोंद घ्यावी लागते) असूनही नोंद घेतली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना, शहरात असल्यास आयुक्तालयातील वरिष्ठांना, लेखी तक्रार पाठवावी. बदनामीचे मात्र वेगळे आहे. तिची फिर्याद न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर स्वतः करावी लागते, आणि त्यासाठी वकिलाची मदत घ्यावी. ‘पण कर्ज तर खरे आहे’ हा बचाव फौजदारी बदनामीत आपोआप चालत नाही, कारण खरी गोष्टसुद्धा सार्वजनिक हितासाठी सांगितलेली असावी लागते, आणि एखाद्याचा दुचाकीचा हप्ता थकल्याचे त्याच्या मेहुण्याला सांगण्यात कसलेही सार्वजनिक हित नाही.

नातेवाइकांना ‘उद्या अटक होणार’ असे सांगितले जाते, तेही समजून घ्यावे. केवळ हप्ता थकला म्हणून अटक होत नाही. धनादेश किंवा बँक खात्यातून होणारी स्वयंचलित वजावट न वटल्यास फौजदारी तक्रार होऊ शकते, पण तिची नोटीस तुम्हाला येते, तुमच्या मावशीला व्हॉट्सॲपवर येत नाही.

पतसंस्था आणि सावकार

पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्याविरुद्ध तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करावी. थकबाकीदारांची नावे-छायाचित्रे असलेला फलक कार्यालयासमोर लावण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. अशाच एका सहकारी संस्थेच्या प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये असा फलक म्हणजे माणसाच्या प्रतिष्ठेवर व खासगीपणावर घाला असल्याचे म्हटले. छायाचित्रे प्रसिद्ध करण्याबाबत निरनिराळ्या उच्च न्यायालयांची मते एकसारखी नाहीत आणि केरळचा निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, परंतु तक्रारीत त्याचा आधार जरूर घ्यावा. सावकाराचे कर्ज असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमात कर्जदाराला त्रास देणे हा गुन्हा आहे आणि परवाना नसलेली सावकारी हा स्वतंत्र गुन्हा आहे. तक्रार उपनिबंधकांकडेच जाते, आणि दहशत असेल तर सोबत पोलिसांकडेही द्यावी.

तक्रार केली म्हणून हप्ते बंद करू नयेत. जमेल तेवढी रक्कम कर्ज खात्यातच भरावी, प्रतिनिधीच्या वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर कधीही नाही, आणि पुनर्रचनेची किंवा तडजोडीची मागणी वेगळ्या पत्राने करावी, म्हणजे दोन विषयांची गल्लत होत नाही. तडजोड ठरली तर ती संस्थेच्या कागदावर लेखी घ्यावी, पैसे भरल्यावर कर्ज पूर्ण फिटल्याचे पत्र घ्यावे आणि त्याच पत्रात खाते वसुली एजन्सीकडून परत घेतल्याचे व तिच्याकडील तुमचे, नातेवाइकांचे आणि रेफरन्सचे क्रमांक पुसल्याचेही लिहून मागावे. बंद झालेल्या खात्यासाठी वर्षभराने पुन्हा एखाद्या नातेवाइकाला फोन आला, तर दाखवायला हातात तोच कागद असेल.